मायाक्काची भरपाई

१५ जानेवारी १९२६

काल ग्रहण झालं. ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, भर दुपारी. सासूबाईंनी मला सकाळपासूनच माजघराच्या अंधारात नेऊन बसवलं. हलायचं नाही, काही चिरायचं नाही, पाय दुमडायचा नाही. आम्हां लिंगायतांत सूतक पाळत नाहीत असं मामंजी चारचौघांत ठणकावून सांगतात, पण ग्रहण म्हटलं की तेही गप्प. माझी दोन मुलं गेली. हे तिसरं, सहावा महिना आहे. मग मीही हूं की चूं केलं नाही.

मायाक्का माझा हात धरून शेजारी बसली होती. तिनं हात धरला की माझ्या छातीतली धडधड थांबते. माझं लग्न झालं तेव्हा मी तेरा वर्षांची, ती बारा. माहेराहून आंदण आलं त्यात ती आली. तांब्याचं घंगाळ, दुभती म्हैस आणि मायाक्का. तिची आई राजाबाई अजून माझ्या माहेरीच आहे, अक्कलकोटाकडे. मागची दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली आणि दोन्ही वेळा मी मरता मरता वाचले ती मायाक्कामुळे. या खेपेला सासरीच बाळंत व्हायचं ठरलंय. मी सगळ्यांना बजावलंय, खोलीत मायाक्का पाहिजे म्हणजे पाहिजे.

ही डायरी ह्यांनी दिली. मुंबईच्या कुठल्याशा पेढीनं आमच्या कापडाच्या दुकानाला भेट पाठवली होती. म्हणाले, चौथीपर्यंत शिकलीस, ते वाया कशाला घालवतेस. बघू किती दिवस जमतंय.

२५ जानेवारी

वाचनालयात ह्यांचं भाषण झालं. विषय गुलामगिरी. मला वाटलं आफ्रिकेतलं नाही तर अमेरिकेतलं काही असेल. तर हे म्हणाले की आपल्याकडेही ज्या घरांनी बाया आंदणात घेतल्या, पिढ्यान् पिढ्या राबवल्या, त्या घरांनी त्यांना भरपाई दिली पाहिजे. नुसतं 'आता मोकळ्या आहात' म्हणून भागत नाही.

टाळ्या पडल्या म्हणे. मग मागून कुणीतरी उठलं आणि विचारलं, चनमल्लप्पा, तुमच्या घरी धुणं कोण धुतं?

हे घरी आले ते तोंड उतरवूनच. जेवताना मायाक्का वाढत होती तर ताटातून मान वर करेनात. मला इतका राग आला. अहो, मायाक्का का गुलाम आहे? मी जे खाते तेच ती खाते, माझ्यामागून खाते एवढंच. माझी लुगडी ती नेसते. तिचं लग्न कुणी केलं नाही हे खरं, पण आंदणातल्या मुलीचं कोण करतं? तिनं कधी तोंडातून काढलं का?

पण रात्रभर तो शब्द डोक्यात घुमत राहिला. भरपाई.

२७ जानेवारी

बापलेकांचं जुंपलं. मी दाराआडून ऐकलं.

मामंजी म्हणाले, "हिच्या आजीला छप्पनच्या दुष्काळाच्याही आधीच्या त्या मोठ्या दुष्काळात सूनबाईच्या पणजोबांनी घरात घेतलं. चार पायल्या जोंधळा तिच्या बापाला दिला. नाहीतर मेलीच असती. जीव वाचवला, वर भरपाई आम्हीच द्यायची?"

"जोंधळा एकदा दिला अप्पा. राबणं तिसरी पिढी चाललंय."

"आणि खाणं? ते तिसरी पिढी चाललेलं दिसत नाही तुला?" मग मामंजींनी पेटीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. "नेपाळ सरकारनं परवा परवा सगळे गुलाम सोडवले. भरपाई कुणाला दिली, वाच. मालकाला. ज्याचं नुकसान झालं त्याला देतात बाबा."

ह्यांनी कात्रण वाचलं आणि घडी घालून परत दिलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं जरा कसंसंही झालं. मायाक्का अंगणात म्हशीला पाणी पाजत होती. तिनं ऐकलं असेल का? ऐकलंच असणार. मामंजी हळू कधी बोलतात?

३० जानेवारी

आज वेणी घालताना मीच तिला विचारलं, "मायाक्का, तुला काही पाहिजे का गं?"

"काय पायजे मला?" म्हणून हसली. तेल चोपडत राहिली. मग म्हणाली, "अक्का, तुमच्या आंदणात म्हस आली हुती की."

"आली होती."

"तिला हितं आल्यावर रेडी झाली. ती कुणाची धरली?"

"कुणाची म्हणजे? आमचीच."

"व्हय की," म्हणाली, आणि वेणी घट्ट ओढून बांधली. दुखलं मला.

हे कशाला विचारलं तिनं? तिला तर मूलबाळ नाही. संध्याकाळी ध्यानात आलं, फुलाचं मनात असेल. फुला म्हणजे तिची धाकटी बहीण, दहा वर्षांची. माझ्या धाकट्या बहिणीचं, हेमावतीचं लग्न वैशाखात आहे, आणि फुला हेमावतीबरोबर जायची हे माहेरी कधीचंच ठरलेलं आहे. त्यात नवीन काय? पण मायाक्कानं ते असं म्हशीवरून काढावं, याची मला भीतीच वाटली. नऊ वर्षांत ती माझ्याशी कधी आडून बोलली नव्हती.

११ फेब्रुवारी

मला काय झालंय कळत नाही. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

मायाक्काची भीती वाटते.

ती खोलीत आली की पोटातलं मूल हलतं असं वाटतं. तिचे हात बघत बसते मी. किती मोठे आहेत, भाकरी थापून थापून रुंद झालेले. आजवर हे हात म्हणजे माझा आधार होता. आता वाटतं, हिचं आमच्याकडे काही येणं निघत असेल, खरंच निघत असेल, तर हिला आमचा राग असणार. आणि राग असेल तर इतकी वर्षं तो कुठे ठेवला हिनं? मी हिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपते. माझं दूध हीच तापवते.

ह्यांनी तो शब्द घरात आणायला नको होता.

१४ फेब्रुवारी

काल दूध प्यायले नाही. तिची पाठ वळल्यावर मांजरीला घातलं. मांजर संध्याकाळपर्यंत धडधाकट हिंडत होती. मला माझीच लाज वाटली, आणि तरी आजचं दूधही मी मांजरीलाच घातलं.

१७ फेब्रुवारी

तिला कळलं.

आज दुधाचा पेला घेऊन आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि निम्मं दूध स्वतः प्यायली. तोंड पुसलं. उरलेलं माझ्यापुढे ठेवून केरसुणी घेऊन बाहेर गेली.

मी प्यायले. रडत रडत प्यायले. पण खरं सांगू? भीती गेली नाही, उलट वाढली. जिला माझ्या मनातलं इतकं कळतं, तिच्या मनातलं मला काहीच कळत नाही.

३ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

मामंजींनी तोड काढली. स्वामींना बोलावलं, दोन शेजारी बोलावले. म्हणाले, "चनमल्ला म्हणतो भरपाई द्या. बरं, देऊ. हिला दीक्षा देऊन गळ्यात लिंग बांधू. लिंग बांधलं की ती आमच्यातलीच. मग कोण मालक आणि कोण बटीक? आमच्या पंगतीला बसेल. याहून मोठं कुणी कुणाला काही दिलंय का?"

सासूबाई दचकल्याच. उद्यापासून तिच्या हातात खरकटी भांडी कशी द्यायची, हा त्यांना प्रश्न. ह्यांचा चेहरा मात्र उजळला. म्हणाले, अप्पा, हे तर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. माझाही जीव भांड्यात पडला. आमच्यातलीच झाली की ती जाणार कुठे?

मायाक्काला समोर बोलावलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं.

"लिंग बांदल्यावर मटान चालत न्हाय की," म्हणाली.

"नाहीच चालत," स्वामी म्हणाले.

"मग बिरोबाच्या जत्रंत माजी मानसं मला पंगतीत घेतील का? तुमी एक पंगत देताय, थोरलं मालक, आन् माजी हाय ती काडून घेताय. मला जत्रंत माज्या लोकास्नी भेटून नऊ वरसं झाली. त्यास्नी मी वळखू तर यायला पायजे."

मामंजींची मान लाल झाली. हे खाली बघत म्हणाले, "मग तूच सांग. काय पाहिजे? जागा मागितलीस तर जागा देईन, पगार धरून पैसे मागितलेस तर तेही देईन."

"पैकं ऱ्हाऊ द्या. मिलमंदी रिळिंगला, सूत गुंडाळायला, बाया घेत्यात, तितं माजं मी मिळवीन. अक्कांचं बाळंतपन झालं की जाईन. मला एकच पायजे. माज्या फुलाला कुनाबरुबर धाडू नका. हेमाताईबरुबर न्हाय आन् कुनाबरुबरच न्हाय. ती तिच्या आयजवळ ऱ्हाऊ दे."

हे लगेच गळ्यातल्या लिंगाला हात लावून शब्द द्यायला निघाले. तर मायाक्का म्हणाली, "मालक, तुमी न्हाय. फुला अक्कांच्या म्हायारची. अक्कांनी सांगावं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लिंगाला हात लावला आणि म्हटलं, फुलाला आंदण म्हणून कुठे पाठवू देणार नाही. माझा आवाज मलाच ओळखू येईना. मायाक्का तशीच माझ्याकडे बघत राहिली, मग 'बरं' म्हणाली आणि चुलीकडे गेली.

त्यानंतर हे दिवसभर खुशीत होते. वाचनालयात सांगणार आहेत.

१० मार्च

आईचं पत्र आलं, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. शब्दाशब्दात राग. पण बापानं पोरीच्या शब्दाला मान द्यायचा ठरवलंय, हेमावती एकटीच जाईल. म्हणजे मी शब्द पाळला. मायाक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लई बरं केलं अक्का," आणि माझ्या सुजलेल्या पायांना तेल लावायला बसली.

मी पाय आखडून घेतला. आपोआप झालं ते. तिला लागलं असेल.

१९ एप्रिल

दिवस भरत आले. ऊन असं की भिंतीला हात लावला तरी चटका. अंबुबाई सुईण येऊन बघून गेली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, त्या वेळी मायाक्काला माझ्याजवळ एकटीला सोडू नकोस. अंबुबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, आवो, मागं तर तिच्याबिगर कुणी नको म्हणत हुता.

हो, म्हणत होते. आता ती जाणार आहे. जाणाऱ्या माणसाला कशाची भीती?

७ मे

मुलगी झाली, आज आठवा दिवस. जिवंत आहे, दूध पिते. हे लिहिते आणि उठून बघून येते, परत येऊन लिहिते.

त्या दिवशीचं मला तुटक तुटक आठवतं. अंबुबाई म्हणाली, नाळ गळ्याला गुंडाळलीय, गेलं बहुतेक. आणि मी मान उचलून पाहिलं तर मायाक्काचे ते रुंद हात माझ्या लेकीच्या गळ्यावर होते. मी किंचाळले. हिला बाहेर काढा, ही मारतेय तिला, असं ओरडले. ओसरीवर मामंजी होते, हे होते, शेजारच्या बायका होत्या. सगळ्यांनी ऐकलं.

मायाक्कानं वर पाहिलंही नाही. बोटं घालून तिनं नाळेचा एक वेढा सोडवला, मग दुसरा. तोंडात तोंड घालून फुंकर मारली. मुलगी रडली. तेव्हा कुठे तिनं तिला माझ्या छातीवर आणून ठेवलं आणि हात धुवायला गेली.

तिच्याशी बोलायला तोंड कुठे होतं मला?

११ मे

बारसं झालं आणि मायाक्का गेली. पद्मशाली विणकरांच्या वस्तीत एका बाईकडे खोली बघून ठेवली होती तिनं. ह्यांनी पैसे पुढे केले, तिनं घेतले नाहीत. सासूबाईंनी नवं लुगडं दिलं, ते घेतलं. मुलीच्या कपाळावर बोटं टेकवली.

मी म्हटलं, "ये गं अधूनमधून."

उंबरठ्यावर उभी राहून ती म्हणाली, "जाते, अक्का."

येते म्हणाली नाही. कुणी परकं माणूससुद्धा निघताना येते म्हणतं. घरात बाळंतीण, पाळण्यात मूल, आणि ती जाते म्हणाली. सासूबाईंनी लगेच मुलीची दृष्ट काढली.

मामंजींनी संध्याकाळी दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले. म्हणाले, नातीचे आहेत, आणि घरातलं एक देणं फिटलं त्याचेही.

२० मे

झोप नाही. मुलगी रडता रडता श्वास धरते आणि निळी पडते. सासूबाईंचे हात कापतात, त्यांच्याकडे द्यायचा धीर होत नाही. पगारी बाई ठेवली तर ती दिवे लागले की निघते. थांब म्हटलं तर म्हणते, माजं घर हाय की. मी म्हटलं, माझं मूल निळं पडतं गं. तर म्हणाली, व्हय, माजीबी दोन हायत.

आज भोंगा झाल्यावर मिलच्या बाया बोळातून चालल्या होत्या, त्यात मायाक्का दिसली. केसांत कापसाचे तंतू. चारचौघींशी हसत बोलत होती. ती असं मोकळं हसते हे मला ठाऊकच नव्हतं. खिडकीखाली थांबून तिनं विचारलं, "पोरगी दूद पिती का?" मी हो म्हटलं. वर ये म्हणावं असं फार आलं मनात. पण ती नाही म्हणाली असती तर?

२६ मे

कल्लप्पा, माझा भाऊ, मुलीला बघायला आला. त्याच्यासमोरच तिनं श्वास धरला. मी पाठ थोपटत होते आणि मला दिसत होतं की ही आता जाणार, तिसरीही जाणार. परत श्वास आला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "कल्लप्पा, फुलाला पाठव."

तो हसायला लागला. "हेमावतीला नाही म्हणालीस आणि स्वतःला मागतेस?"

मी त्याला समजावून सांगितलं. हे आंदण नव्हे. लग्न नाही, कार्य नाही, म्हैस नाही. दोन महिने, मुलगी जरा धरली की परत पाठवीन. मी लिंगाला हात लावून म्हटलं होतं ते आंदणाचं, आणि हे आंदण नाहीच. रात्री ह्यांना विचारलं. हे उठून पाळण्यापाशी गेले, मुलीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "पगार द्यायचा. पगार दिला की ती नोकरी झाली, त्यात वावगं काही नाही. कल्लप्पा दर महिन्याला राजाबाईकडे पोचवेल." ह्यांनी असं म्हटल्यावर मला धीर आला. ह्यांना या विषयातलं जास्त कळतं.

कल्लप्पानं निघताना विचारलं, राजाबाईला काय सांगू? मी म्हटलं, तुला सुचेल ते सांग.

५ जून

फुला आली.

अंगानं लहानच आहे. फडक्यात बांधलेलं गाठोडं पोटाशी धरून ओसरीवर बसली होती, आत ये म्हटलं तरी उठेना. पाळणा दाखवला तेव्हा आली. दोरी हातात दिली, तर छान हलवते. मुलगी झोपलीसुद्धा. आज कित्येक दिवसांनी मी दुपारी पाठ टेकली.

उठले तर ती तशीच दोरी धरून बसलेली. मला म्हणाली, "माजी मायाक्का कुटं हाय? कल्लप्पामामानं सांगितलं मायाक्काकडं न्हेतो म्हनून."

मी म्हटलं, "येईल."

"कवा?"

"येईल गं. तू पाळणा हलव."

ती दोरी ओढत राहिली. तेवढ्यात मिलचा भोंगा झाला. बोळातून बायांची बोलणी ऐकू यायला लागली. फुलानं मान वर केली आणि खिडकीकडे पाहिलं.

मी खिडकी लावली. मग खाली गेले आणि दाराला आतून कडी घातली. बाया गेल्याचा आवाज विरेपर्यंत तिथेच, कडीवर हात ठेवून उभी होते.